कार्बन की मॅग्नेशियम

“तुमचं दोघींचं कधी भांडणच झालं नाही का हो, काकू?”

डॉ. ओवी नलावडे पुण्याहून कराडला माझ्या घरी आली, पाणी प्यायली आणि तिने पहिला प्रश्न हा विचारला. ही मुलगी आमच्या जुन्या संस्थेत खगोलशास्त्रज्ञ आहे. वय तीस-बत्तीस. मी बासष्टची. निवृत्त माणसांकडे आठवणी गोळा करायला कुणीतरी अधूनमधून येतं, तशी ही आली असेल असं समजून मी शंकरपाळ्यांचा डबा काढून ठेवला होता.

“कुणाचं दोघींचं?”

“तुमचं आणि जयमालाकाकूंचं. तुम्ही दोघींनी मिळून तीस हजार सहाशे वर्णपट तपासलेत. त्यात मतभेद अकरा. बाकीच्या जोड्यांचं शंभरात नऊ-दहा वेळा तरी जमत नव्हतं.”

“आमची नजर जुळलेली होती,” मी म्हटलं आणि डबा तिच्यापुढे सरकवला.

“ते अकराही पहिल्या महिन्यातले आहेत,” ओवी म्हणाली. शंकरपाळ्यांना तिने हात लावला नाही.

इथे थोडं शास्त्र सांगणं भाग आहे. सात वर्षं मी त्यावर पोट भरलं आहे, त्यामुळे फारसा कंटाळा न आणता सांगू शकेन असा माझा समज आहे.

काही दीर्घिकांच्या पोटातलं कृष्णविवर आजूबाजूचा वायू गिळत असतं. गिळला जाण्याआधी तो वायू तापतो आणि अख्ख्या दीर्घिकेपेक्षा जास्त उजळतो. अशा दीर्घिकेला सक्रिय दीर्घिका म्हणतात. तिचा प्रकाश रंगारंगांत पसरवून त्याचा आलेख काढला की झाला वर्णपट. त्यात मधेमधे टेंगळं आलेली दिसतात. प्रत्येक टेंगूळ एकेका मूलद्रव्याचं, आणि त्याची मूळ जागा ठरलेली. पण विश्व प्रसरण पावत असल्यामुळे प्रकाश वाटेत ताणला जातो आणि सगळी टेंगळं लाल बाजूला सरकतात. याला ताम्रसृती म्हणतात. जेवढी ती जास्त, तेवढी दीर्घिका लांब. एवढ्या दूरच्या वस्तूंची अंतरं अशीच काढतात.

गोम अशी की टेंगळावर नाव लिहिलेलं नसतं. दोन दिसली तर एकमेकांवरून दोघांची ओळख पटते. एकच दिसलं तर पंचाईत. सहा हजार अँगस्ट्रॉम तरंगलांबीच्या आसपास, म्हणजे नारिंगी रंगात, एकुलतं एक रुंद टेंगूळ दिसलं तर ते मॅग्नेशियम असू शकतं आणि कार्बनही. मॅग्नेशियम असेल तर तो प्रकाश साडेआठशे कोटी वर्षांपूर्वी निघाला. कार्बन असेल तर एक हजार सत्तर कोटी वर्षांपूर्वी. आमच्या उपकरणाला ४९०० ते ८७५० एवढाच पट्टा दिसायचा. टेंगूळ ५९७० आणि ६०४० यांच्यामध्ये आलं, की ओळख पटवणारी बाकीची मोठी टेंगळं नेमकी पट्ट्याच्या या टोकाबाहेर नाहीतर त्या टोकाबाहेर पडायची. साक्षीदार आहेत, पण कोर्टाच्या दाराबाहेर उभे आहेत, अशातली गत.

२०२७ साली यंत्रं हे काम धड करत नव्हती. म्हणून संस्थेने कराडला, एस.टी. स्टँडच्या मागे, खतांच्या दुकानावर एक हॉल भाड्याने घेतला आणि भौतिकशास्त्रातल्या बी.एस्सी. झालेल्या चोवीस बायका वर्णपट तपासायला बसवल्या. नियम साधा होता. प्रत्येक वर्णपट दोघींकडे जाणार. दोघींनी एकमेकींशी न बोलता अंतर ठरवायचं. उत्तर जुळलं तर ‘खात्रीशीर’ असा शेरा. नाही जुळलं तर तिसऱ्या माणसाकडे, म्हणजे आमच्या पर्यवेक्षकांकडे. आणि ओळख पटतच नसेल तर ‘सांगता येत नाही’ असा तिसरा पर्याय होता, पण तो निवडला की कारण म्हणून अर्धं पान लिहावं लागे.

जयमाला वाठारकर माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची. मधे प्लायवूडची आडभिंत होती. पहिला महिना आम्ही नियमाने वागलो आणि अकरा वेळा पर्यवेक्षकांची बोलणी खाल्ली. मग एक दिवस डबा खाताना ती म्हणाली, “अनू, प्लायवूडनं बोलू नये असं काय नियमात नाही.” तेव्हापासून बोटाच्या पेराने एकदा वाजवलं की जवळची, दोनदा वाजवलं की लांबची. ती आधी वाजवायची, मी मागून लिहायची. आणि त्या पंचाईतवाल्या पट्ट्यातलं एकुलतं टेंगूळ आलं की ती कायम दोनदा वाजवायची. का, असं मी विचारलं होतं.

“अगं, लांबची असंल तर कोण जाऊन बघणाराय?” ती म्हणाली होती. “आणि अर्धं पान कोण लिहीत बसंल?”

मला ते तेव्हा बिनतोड वाटलं होतं.

ओवीला मी यातलं काही सांगितलं नाही. तिने तिचं सांगितलं. २०३४ मध्ये आमचा हॉल बंद झाला, कारण आमच्या कामावरून शिकून ‘पारख’ नावाचं यंत्र तयार झालं होतं. त्याला शिकवताना शुद्ध माल हवा म्हणून फक्त ‘खात्रीशीर’ शेऱ्याचे वर्णपट घेतले. त्या अडचणीच्या पट्ट्यात बाकीच्या सगळ्या जोड्यांनी प्रामाणिकपणे ‘सांगता येत नाही’ लिहिलं होतं, ते सगळे गळले. उरले दोनशे बारा. दोनशे बाराही आमचे, आणि झाडून सगळे लांबचे.

“यंत्र तेवढंच शिकलं, काकू. तिथे एकटं टेंगूळ दिसलं की कार्बन. नव्या दुर्बिणीचा पट्टासुद्धा जुन्याशी तुलना व्हावी म्हणून तेवढाच ठेवलाय. पारखने आत्तापर्यंत चार कोटी वर्णपट वाचलेत.”

त्याचा परिणाम काय झाला ते तिने मला सांगायची गरज नव्हती. ते सगळ्या जगाला माहीत होतं. चार वर्षांपूर्वी पारखने एक हजार सत्तर कोटी वर्षांच्या अंतरावर सक्रिय दीर्घिकांची एक पातळ, दाट भिंत दाखवली. शास्त्रज्ञ खूश झाले. मग आकाशाच्या दुसऱ्या बाजूला, बरोबर तेवढ्याच अंतरावर, तेवढ्याच जाडीची भिंत सापडली. मग तिसऱ्या बाजूला. शास्त्रज्ञांची झोप उडाली आणि उरलेल्या जगाला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. सगळीकडून सारख्या अंतरावर भिंत, म्हणजे ते कवच, आणि कवचाच्या मध्यभागी आपण! चारपाचशे वर्षांनी पृथ्वी पुन्हा विश्वाच्या मधोमध येऊन बसली. प्रवचनं झाली, टी-शर्ट निघाले. माझ्या दाताच्या डॉक्टरने खुर्चीसमोर कवचाचं चित्र लावलं, त्यामुळे दाढ काढताना मला स्वतःची चूक बघत बसावं लागलं. पण खरं सांगायचं तर ती आपली चूक असेल असं तेव्हा माझ्या मनातही आलं नव्हतं. आपण खतांच्या दुकानावर बसून वाजवलेली टकटक आकाशभर पसरेल असं कुणाच्या मनात येईल?

“कवचात जेवढ्या दीर्घिका जास्त आहेत,” ओवी म्हणाली, “बरोबर तेवढ्याच साडेआठशे कोटींच्या अंतरावर कमी आहेत. तिथे पोकळी आहे. तिथल्या उचलून इकडे ठेवल्यासारख्या. मला हे संस्थेच्या समितीपुढे मांडायचंय. पण समिती म्हणते, दोन अनुभवी बायकांनी एकमेकींना न विचारता दोनशे बारा वेळा तेच सांगितलं, त्याचं काय? तर मला एवढंच विचारायचंय. न विचारता सांगितलं होतं ना?”

“हो,” मी म्हणाले.

ती गेल्यावर मी शंकरपाळे पुन्हा डब्यात भरले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जयमालाकडे गेले.

जयमाला उंब्रजच्या पुढे, तिच्या सासरच्या गावी राहते. जुन्या नोंदीत पहिल्या तपासनिसाची आद्याक्षरं असतात आणि त्या दोनशे बाराही नोंदींवर ‘ज. वा.’ होतं. त्यामुळे कवचाला तिचं नाव द्यायचं घाटत होतं. ‘जयमाला कवच’. वर्तमानपत्रांनी तर देऊनही टाकलं होतं. तिच्या नवऱ्याने मरेपर्यंत तिच्या कामाला ‘रेघोट्या बघायची नोकरी’ म्हटलं. ज्या शाळेने एकेकाळी तिला शिक्षिका म्हणून घेतलं नव्हतं, तिथल्या प्रयोगशाळेवर आता तिच्या नावाची पाटी होती. दर गुरुवारी ती तिथे जाऊन आठवी-नववीच्या मुलींना जुन्या सीडीच्या तुकड्याने प्रकाशाचे रंग कसे सुटे करायचे ते दाखवायची. मी पोहोचले तो नेमका गुरुवार होता. मी मागच्या बाकावर बसून तास ऐकला. ती फार चांगलं शिकवते. मुली हसत होत्या, विचारत होत्या, आणि तिला ‘वाठारकर मॅडम’ म्हणत होत्या.

तास संपल्यावर मी तिला सगळं सांगितलं. तिने फळा पुसता पुसता ऐकलं.

“मग तू काय सांगितलंस त्या पोरीला?”

“न विचारता लिहिलं म्हणून सांगितलं.”

“मग झालं की. मिटलं.”

“जयू, मिटलं कसं? कवच नाहीये. ते आपण केलंय.”

“तुला काय ठाऊक नाहीये म्हणून? असंल की! आपण ठोकून दिलं आणि नेमकं तसंच निघालं, असं होत नाही का कधी?”

“सगळ्या दिशांना?”

तिने फडकं ठेवलं आणि माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाली, “तुला नाव पाहिजे होतं का गं अनू?”

“काय बोलतेस?”

“लिहिलं दोघींनी. नाव माझं लागलं. चार वर्षं तू एकदा म्हणाली नाहीस, जयू, बरं झालं म्हणून. आज शास्त्र आठवलं तुला.”

मी काय उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही, कारण ते लिहिण्यासारखं नव्हतं. एस.टी.त बसल्यावर मला रडू आलं. रागाने आलं असं मी स्वतःला पहिली दहा मिनिटं सांगितलं. पुढची वीस मिनिटं ते जमलं नाही. पाटीवर तिचं नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला काय वाटलं होतं ते पक्कं आठवत होतं.

आठवड्याभराने पुण्याहून बोलावणं आलं. ओवीने समितीला गळ घातली होती. दुसऱ्या एका देशातल्या मोठ्या दुर्बिणीला अवरक्त पट्टाही दिसतो. तिच्यातून साठ दीर्घिका बघितल्या तर लपलेली टेंगळं सापडून निकाल लागला असता. पण त्या दुर्बिणीचा वेळ मिळणं म्हणजे वर्षभराची रांग, आणि नुसत्या संशयावर तो मागता येत नाही. समितीचे अध्यक्ष डॉ. नासिर मुजावर हे सांगलीकडचे, सावकाश बोलणारे गृहस्थ. त्यांनी तोडगा काढला. त्या दोनशे बारापैकी साठ वर्णपट आम्हा दोघींना पुन्हा द्यायचे, दोन वेगळ्या खोल्यांत. दोघींनी पुन्हा ‘लांबची’ म्हटलं तर ओवीचा आक्षेप संपला आणि नाव कायम झालं. दोघींनी ‘सांगता येत नाही’ म्हटलं तर दुर्बिणीचा वेळ मागायचा.

“आणि नाही जुळलं तर?” ओवीने विचारलं.

“या दोघींचं?” डॉ. मुजावर हसले. “नोंदी बघा की, मॅडम.”

जयमाला चहाच्या वेळी भेटली. तिने नवी इस्त्रीची साडी नेसली होती. आम्ही एकमेकींना ‘बरी आहेस ना’ एवढं विचारलं. नंतर तिला जिन्याच्या डावीकडे नेलं, मला उजवीकडे.

माझ्या खोलीत एक टेबल, एक पडदा आणि तीन बटणं: जवळची, लांबची, सांगता येत नाही. पहिला वर्णपट उघडला. अठरा वर्षांनी बघत होते, तरी ओळख लागली. सहा हजार वीसवर एक रुंद टेंगूळ, बाकी सगळी खरखरीत, वेडीवाकडी रेघ. कार्बनचं टेंगूळ डाव्या अंगाला जरा ओघळलेलं असतं, मॅग्नेशियमचं तेवढं नसतं. मी बराच वेळ डाव्या अंगाकडे बघत बसले. ओघळ होता असंही म्हणता आलं असतं, नव्हता असंही. दुसरा तसाच. तिसराही. सांगता येत नाही हेच खरं होतं, आणि ते पंचवीस वर्षांपूर्वीही खरं होतं.

तिसरं बटण दाबायला मी बोट नेलं आणि थांबले. पलीकडच्या खोलीत जयमाला साठ वेळा ‘लांबची’ दाबणार, हे मी धरूनच चालले होते. तिच्यासमोर ती प्रयोगशाळा होती, ते गुरुवार होते. मी खरं लिहिलं की आमच्या दोघींत खोटी कोण ते समितीला आपोआप कळणार. आणि मी खरं का लिहीत होते? शास्त्रासाठी? की त्या पाटीसाठी? तिने तो प्रश्न विचारला नसता तर मी निमूटपणे तिसरं बटण दाबलं असतं आणि स्वतःला सज्जन समजत घरी गेले असते. आता मला माझ्या सज्जनपणाचाच भरवसा उरला नव्हता. आपल्याला हेवा वाटतो म्हणून एखादीचं आयुष्यातलं एकमेव नाव पुसायचं आणि त्याला सत्य म्हणायचं, हे मला करायचं नव्हतं.

मी ‘लांबची’ दाबलं. मग पुन्हा दाबलं. चौथ्यापासून पुढे मी पडद्याकडे बघितलंही नाही. वर्णपट पूर्ण उमटायच्या आत बोट पडत होतं. साठ वर्णपट मी पंचवीस मिनिटांत संपवले, खोटं वाटू नये म्हणून दीड तास तशीच बसून राहिले आणि बाहेर आले. मला बरं वाटत होतं. जयूचं मन राखलं असं वाटत होतं.

जयमाला जेवणाच्या सुट्टीत बाहेर आली नाही. ओवीने आत डबा पाठवला. ती साडेचारला आली, तेव्हा डोळे लाल झाले होते आणि उजव्या हाताची बोटं ती डाव्या हाताने दाबत होती.

डॉ. मुजावरांनी आम्हाला त्यांच्या खोलीत बसवलं. ओवी दाराशी उभी राहिली. डॉक्टरांनी समोरचे दोन्ही तक्ते बघितले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा बघितले.

“साठपैकी साठ,” ते म्हणाले.

मी सुटकेचा श्वास टाकला.

“साठपैकी साठ ठिकाणी तुमचं जुळत नाही.”

मी जयमालाकडे वळले. ती समोरच्या पेपरवेटकडे बघत होती.

“किणीकरबाईंनी सगळ्या लांबच्या लिहिल्यात,” डॉक्टर म्हणाले. किणीकरबाई म्हणजे मी. “आणि वाठारकरबाईंनी सगळीकडे ‘सांगता येत नाही’. प्रत्येकाला कारण जोडलंय. वेगवेगळं.” त्यांनी एक वाचून दाखवलं. डाव्या अंगाच्या ओघळाबद्दल होतं ते. मी सकाळी जे बघितलं होतं, शब्दाशब्दाने तेच.

पंचवीस वर्षांत पहिल्यांदा आम्ही दोघींनी एकमेकींना न विचारता लिहिलं होतं, आणि मी तिला ओळखत नव्हते हे मला त्या तक्त्यातून कळत होतं.

“नियमाप्रमाणे हे आता तिसऱ्याकडे यायला पाहिजे,” डॉ. मुजावर म्हणाले. “तिसरा मीच. पण मी आयुष्यात कधी हाताने वर्णपट तपासलेला नाही. मला यंत्राची भाषा कळते. तेव्हा तुम्हीच सांगा. कुणाचं धरू?”

जयमालाने मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर मला अपराधीपणा दिसेल असं वाटलं होतं, निदान थोडा राग. तसलं काही नव्हतं. ती चक्क आशेने माझ्याकडे बघत होती.

“अनूचं धरा, साहेब,” ती म्हणाली. “तिची नजर पहिल्यापासून माझ्यापेक्षा चांगली. मी आपली ठोकून द्यायची, ती नीट बघायची. मला आज काही केल्या दिसंना. ओघळ आहे का नाही, नुसतं बघून बघून डोळे गेले. पण अनूला साठच्या साठ दिसल्या असतील तर...” ती जरा थांबली, आणि मग हसली. “तर मग खरंच आहे गं ते. हो ना?”

ओवीने दाराशी मान खाली घातली. डॉ. मुजावरांनी पेन उचललं आणि माझ्या होकाराची वाट बघत राहिले. नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. जयूने माझा हात धरला होता. तिची बोटं दिवसभर लिहून गरम झाली होती.

“माझा तक्ता फाडा, सर,” मी म्हणाले. “मी वर्णपट बघितलेच नाहीत.”